पाचवा दरवाजा

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या त्या सोसायटीत निरुपमा दिघे नेमकं करतात काय, हे शेजारपाजारच्यांना पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. कुणाला वाटे शिकवण्या घेतात, कुणाला वाटे ब्लाउज शिवतात. कारण माणसं यायची, गॅलरीला लागून असलेल्या छोट्या खोलीत बसायची, चहा पिऊन हसतमुखाने जायची, आणि हातात पिशवी नाही की पुडकं नाही. शेवटी तळमजल्यावरच्या जिग्नाबेननी एकदा जिन्यात धरून विचारलंच. तेव्हा निरुपमाने सांगितलं, "मी व्हिडिओची सुरुवात करून देते. दुकानाचं नाव येतं ना आधी, झोकात, गाण्याच्या तुकड्यासकट? तेवढंच. आठ-दहा सेकंदांचं काम."

"बस, एटलुंज?" जिग्नाबेन म्हणाल्या.

"एवढंच," निरुपमा म्हणाली आणि वर गेली.

एवढंच खरं, पण त्यामागे तिचं अर्धं आयुष्य होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती फतेगंजमधल्या एका व्हिडिओ स्टुडिओत कामाला लागली होती. लग्नाच्या कॅसेटी असायच्या तेव्हापासून. डावीकडून नवरीचं नाव यायचं, उजवीकडून नवऱ्याचं, मध्ये बदाम उमलायचा आणि त्यातून दोन कबुतरं उडायची. ती कबुतरं निरुपमाची. तिने पडद्यावर जोडलेली नावं निम्म्या बडोद्यात संसार करत होती, काहींच्या तर पोरांचीही नावं तिने जोडली होती. मग लोक मोबाइलवरच शूटिंग करायला लागले. स्टुडिओची गिऱ्हाइकं रोडावली, मालकाने शटर ओढलं आणि जाताना निरुपमाचा कॉम्प्युटर तिलाच देऊन टाकला. "बेन, हा तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," म्हणाला.

काही महिने त्या कॉम्प्युटरवर नुसतं कापड झाकलेलं होतं. नवरा, रमाकांत, रिफायनरीतून निवृत्त होऊन घरीच होता. एक दिवस त्यानेच वर्तमानपत्र वाचता वाचता विषय काढला, की आता म्हणे नुसतं वर्णन लिहिलं की यंत्र चित्र काढून देतं, चित्र हलवूनही देतं. निरुपमाने कापड काढलं.

पहिलं काम मिळालं ते सेव-उसळवाल्याचं. तिने लिहिलं, वाफाळत्या सेव-उसळीची थाळी. यंत्राने तिच्यापुढे काचेच्या बाऊलमध्ये शेवयांचं सूप ठेवलं, वर काटा-चमचा. रमाकांत हसता हसता खुर्चीतून पडायचा बाकी राहिला होता. मग तिच्या लक्षात आलं की या यंत्राने जग पाहिलंय, पण बडोदं पाहिलेलं नाही. त्याला सगळं नव्या सुनेसारखं सांगावं लागतं. वाटाण्याचा पातळ रस्सा, वर तांबडी तर्री, जाड सेव, कांद्याची पात, स्टीलची ताटली, कडेला पाव. असं सांगत सांगत सहाव्या-सातव्या खेपेला जी थाळी आली, ती पाहून रमाकांतने विचारलं, "आज संध्याकाळी हेच कर ना." तेव्हा तिला समजलं की जमलं.

अक्षरं मात्र ती यंत्राला कधी काढू देत नसे. गुजराती असो की मराठी, ते अक्षरांची जिलबी घालायचं. चित्र त्याचं, अक्षर आपलं, असा तिचा शिरस्ता. नावं ती स्वतः बसवायची, काना-मात्रा नीट बघून, जशी फतेगंजला बसवायची तशी. हळूहळू कामं येत गेली. गरब्याचे ड्रेस भाड्याने देणारी बाई, योगवर्ग, एक दातांचा डॉक्टर, फरसाणवाले दोघे. काम झालं की आधी रमाकांतला दाखवायचं. तो काही बोलायचा नाही. आवडलं तर "परत लाव" म्हणायचा, नाही आवडलं तर पाणी प्यायला उठायचा.

भास्करराव मोहिते आले तेव्हा हे सगळं चांगलं मार्गी लागलं होतं.

भास्करराव नागरवाड्यातले. पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते, वडील शाळामास्तर, स्वतः बँकेत. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी ते लोकांना घेऊन जुन्या शहरातून फिरायचे आणि दरवाजे, देवळं, हवेल्या, बाजार दाखवत इतिहास सांगायचे. 'चालता बोलता बडोदे' असं त्या फेरीचं नाव. आता त्यांना त्याच नावाचा चॅनल काढायचा होता. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, खांद्याला शबनम आणि बोलणं असं की समोरच्याला उगाचच ताठ बसावंसं वाटावं.

"निरुपमाताई," ते म्हणाले, "आपलं काम मी पाहिलं. त्या दातांच्या डॉक्टराचं. दात पाहूनसुद्धा प्रसन्न वाटलं, म्हणजे काय ते समजा."

निरुपमाला हसू आलं. "तुम्हाला काय हवंय?"

"सकाळ हवी. जुन्या शहराची. दरवाजा उघडतोय आणि आपण आत चाललो आहोत, असं काहीतरी. हत्ती-घोडे नकोत. तलवारी नकोत. नुसती सकाळ."

असं मागणं मागणारं गिऱ्हाईक तिला आवडायचं. ती दोन दिवस त्यावर बसली. विटांची जुनी कमान लिहिली, कोवळं ऊन लिहिलं, दोन्ही बाजूंना लाकडी नक्षीचे सज्जे लिहिले. तिच्या खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर रोज सकाळी पोपट कलकलाट करायचे, म्हणून पोपटांचा थवाही लिहून टाकला. पहिले काही दरवाजे राजस्थानातले वाटले, एक तर चक्क चीनमधला. आणि मग एक आला.

तो पाहून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. भाजक्या विटांचा रंग, त्यावरून ओघळणारं ऊन, कमानीवर काळसर लाकडाचे दोन सज्जे, जणू कुणी आत्ताच तिथून आत गेलंय. दरवाजा सावकाश उघडत होता आणि सज्ज्यांतून पोपट भुर्रकन उडत होते. तिने त्यावर नाव बसवलं, सनईचा बारीक तुकडा लावला. रमाकांत म्हणाला, "परत लाव." मग आणखी एकदा म्हणाला.

भास्कररावांनी पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. निरुपमाने तेव्हाच सांगितलं, "एक बोलते. हा आपल्या चार दरवाजांपैकी कुठलाच नाही. लहरीपुरा नाही, चांपानेर नाही, पाणीगेट नाही, गेंडीगेटही नाही. यंत्राने मनाने काढलाय."

"ते का मला कळत नाही?" भास्करराव म्हणाले. "असू द्या. भाव तोच आहे. आठ सेकंदांत कोण मोजतंय दरवाजे?"

तिलाही तो दरवाजा मोडवत नव्हता. दोघांनी तो असू दिला.

चॅनल चालला. भास्करराव बोलायचे छान, पण लोक लिहायचे ते दरवाजाबद्दल. बाहेरगावची माणसं फेरीला यायला लागली. पुण्याहून, इंदूरहून, एकदा तर न्यूजर्सीत स्थायिक झालेलं कुटुंब. भास्कररावांचे अधूनमधून फोन यायचे, आज इतकी मंडळी होती, आज तितकी. निरुपमाला बरं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत रमाकांतची बहीण पूर्णिमा नाशिकहून आली. तिला जुनं शहर बघायचं होतं. निरुपमा म्हणाली, "चल, आपल्या भास्कररावांच्या फेरीला जाऊ. मलाही एकदा जायचंच आहे."

रविवारी सकाळी दोघी लहरीपुऱ्याच्या दरवाजापाशी गेल्या. पंधरा-वीस माणसं जमली होती. भास्कररावांनी निरुपमाला पाहून हात जोडले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं, ते तिला तेव्हा उमगलं नाही. फेरी निघाली. ते सांगत होते ते छानच होतं, पण लोकांचं लक्ष फोनमध्ये. दरवाजासमोर उभं राहायचं, स्वतःचा फोटो काढायचा, पुढे. शहराच्या मधोमध असलेल्या मांडवीच्या कमानींपाशी तर दोघेजण मध्येच खाऊवाल्याकडे वळले.

मांडवी ओलांडून चांपानेर दरवाजाकडे जाताना भास्करराव एका गल्लीच्या तोंडाशी थांबले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. एक बंद दुकान, विजेचा डबा आणि विटांची पोपडे उडालेली भिंत. पण आश्चर्य म्हणजे सगळी मंडळी आपोआप गोळा झाली, फोन खाली गेले.

"ज्याच्यासाठी आपण आलात," भास्करराव हळू आवाजात म्हणाले, "तो इथे होता. पोपट दरवाजा."

निरुपमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

भास्करराव सांगत होते. एका सरदाराची लेक त्या सज्ज्यात बसून रोज पोपटांना डाळ घालायची. ती सासरी गेली तेव्हा पोपट महिनाभर सज्ज्यातून हलले नाहीत. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून दरवाजा पाडला, तरी दर सकाळी थवा यायचा आणि रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालून परत जायचा. "आज जो आपण व्हिडिओत पाहता, तो त्या आठवणींवरून घडवलेला आहे," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांनी निरुपमाकडे पाहिलं नाही.

कुणी खोकलंसुद्धा नाही. गर्दीतला एक टोपीवाला गृहस्थ पुढे झाला. विश्राम कदम त्याचं नाव, प्रतापनगरचा, रेल्वेत नोकरी झालेली, हे त्याने आधीच सगळ्यांना सांगून झालं होतं. तो म्हणाला, "बरोबर आहे. आमचे आजोबा सांगायचे या दरवाजाबद्दल. लहानपणी ते पोपट धरायला यायचे इथं."

आणि पूर्णिमा पुढे झाली, त्या भिंतीवर तिने तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

निरुपमाला आधी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. तिचे पोपट! तिच्या कडुनिंबावरचे! मग लगेच तिच्या ध्यानात आलं. आपण आठ सेकंद केले होते, या माणसाने त्याला मागे शंभर-दीडशे वर्षं जोडली. तिथे काही बोलणं तिला बरं वाटलं नाही. ती फेरी संपेपर्यंत सगळ्यांच्या मागून चालत राहिली.

घरी येताना रिक्षात पूर्णिमा म्हणाली, "वहिनी, बाकी काही लक्षात राहो न राहो, ते पोपट राहतील गं. मला आईची आठवण आली. मी सासरी गेले तेव्हा तीही अशीच रोज दारात येऊन बसायची म्हणे."

घरी पोचल्यावर निरुपमा पाणी प्यायली, पूर्णिमालाही दिलं, आणि मग तिला छोट्या खोलीत नेऊन सगळं दाखवलं. काय लिहिलं, यंत्राने आधी कुठले कुठले दरवाजे दिले, त्यातला तो चीनमधलाही. पूर्णिमाने पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"म्हणजे तिथं काहीच नव्हतं?"

"भिंत होती."

"मी त्या भिंतीला हात लावला ना गं!" पूर्णिमा म्हणाली. रागावली नव्हती ती, पण तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. तो आवाज निरुपमाच्या जिव्हारी लागला.

रमाकांत दारात उभा राहून ऐकत होता. "पोपट दरवाजा," तो म्हणाला. "नाव मात्र अगदी बरोबर ठेवलंय. येणाऱ्याचा पोपट होतो." कुणीच हसलं नाही हे पाहून तो खुर्चीवर बसला. "मग आता तुझं काय म्हणणं?"

"अहो, मी कुणाला फसवलं नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

"त्यांना सांगितलंस. लोकांना कोण सांगणार?"

"त्यांनी सांगायला हवं."

"मग हे त्यांना सांग," रमाकांत म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? मी तर नुसता 'परत लाव' म्हणणारा माणूस."

दुसऱ्याच दिवशी ती नागरवाड्यात गेली. दार भास्कररावांच्या पत्नीने, स्नेहलताबाईंनी उघडलं. "या हो," त्या म्हणाल्या, "कालपासून वाट बघतायत. बाहेर काही बोलत नाहीत, पण मला ठाऊक आहे." आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

भास्करराव झोपाळ्यावर बसले होते. तिला पाहून उठले, परत बसले.

"आपण रागावला असाल."

"रागावले नाही," निरुपमा म्हणाली. "पण काल माझ्या नणंदेने त्या भिंतीला हात लावला. मला ते बघवलं नाही."

भास्कररावांनी पायाने झोपाळा थांबवला. "ऐका, कसं झालं ते. इंदूरच्या एक बाई आल्या होत्या, वयाने मोठ्या. त्या सारख्या विचारायला लागल्या, व्हिडिओतला दरवाजा कधी येणार? मी म्हटलं, दुरुस्ती चाललीय, बंद आहे. त्या इतक्या खट्टू झाल्या! पुढच्या रविवारी पुन्हा कुणीतरी विचारलं. म्हटलं, पाडला. पाडला म्हटल्यावर कुठे होता, ते आलं. कुठे होता म्हटल्यावर कुणाचा होता, ते आलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो, तसं होत गेलं. पण ताई, एक सांगू?" त्यांचा आवाज बदलला. "इतकी वर्षं मी खरं सांगतोय. सनावळीसकट. लोक माना डोलावतात आणि फोन बघतात. त्या भिंतीपाशी मात्र फोन खिशात जातात. काल पाहिलंत ना आपण? एवढी शांतता मला बँकेत कॅश मोजतानासुद्धा मिळाली नव्हती."

निरुपमाला त्यांचं पटलं नाही, पण दुखणं कळलं. सेव-उसळ विकणाऱ्याला जशी आपल्या उसळीवर वाफ हवी असते, तशी या माणसाला आपल्या शहरावर हवी होती.

स्नेहलताबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आणि त्या मुलीचं सांगितलंत का?"

भास्कररावांनी मान खाली घातली.

सांगितलं ते स्नेहलताबाईंनीच. मोहना म्हणून एक मुलगी होती, विद्यापीठात शिकणारी. फेरीला येऊन गेली होती. ती आपल्या प्रबंधात पोपट दरवाजावर चार पानं लिहिणार होती आणि त्यासाठी आधार मागत होती. कुठल्या दप्तरात नोंद आहे, कुठला जुना नकाशा आहे. "पाच-सहा फोन आले तिचे. हे उचलत नाहीत. फोन वाजला की न्हाणीघरात जातात. या वयात पोरीबाळींपासून लपायची वेळ आली, काय म्हणावं!"

"ती तुम्हाला खोटं पाडेल याची भीती वाटते?" निरुपमाने विचारलं.

"नाही हो," भास्करराव म्हणाले. "ती मला खरं मानेल याची. उद्या तिचं पुस्तकात छापून येईल, परवा कुणी ते पुस्तक वाचून दुसरं लिहील. माझे वडील मास्तर होते, निरुपमाताई. फळ्यावर एक साल चुकलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलं वाक्य 'काल माझी चूक झाली' हे असायचं."

निरुपमाने चहा संपवला. मग म्हणाली, "दरवाजा माझ्या खोलीतून निघाला, तेव्हा तो परत नेणं माझंही काम आहे. मी तुम्हाला नवीन सुरुवात करून देते. पण या वेळी खोलीत बसून नाही. तुम्ही यायचं माझ्याबरोबर."

ती दोघं एका सकाळी चांपानेर दरवाजाला गेली. निरुपमाने स्टुडिओतल्या जुन्या ओळखीतून कॅमेरा आणि त्याची तिपाई मागून आणली होती. खरा दरवाजा समोर उभा राहिला आणि तिच्या लक्षात आलं की खऱ्याचं चित्र काढणं किती अवघड. वरून वायरी, एका बाजूला कसलीशी जाहिरात, कमानीतून स्कूटरी, हातगाड्या, एक गाय. ऊन यायचं तेव्हा टेम्पो आडवा यायचा, टेम्पो जायचा तेव्हा ऊन गेलेलं असायचं. एक फुलवाली दोघांकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

"वायरी काढता येतील ना यंत्रातून?" भास्कररावांनी हळूच विचारलं.

"येतील."

"आणि ती जाहिरात?"

"तीही. गायही काढता येईल. मग सज्जे बसवता येतील, मग पोपट," निरुपमा म्हणाली.

भास्करराव ओशाळून हसले. "राहू द्या वायरी."

शेवटी मिळालं ते असं. एक रिक्षा कमानीतून फटफट करत बाहेर आली, तिच्या धुरावर उन्हाची तिरीप पडली आणि धूर विरला तसे भास्करराव चालत येताना दिसले, शबनम सावरत, फुलवालीकडे बघून मान हलवत. त्यांना शूटिंग सुरू आहे हे माहीत नव्हतं. निरुपमाने घरी येऊन यंत्राला एवढंच काम दिलं की त्या उन्हातून नावाची अक्षरं उजळत यावीत. अक्षरं अर्थात तिनेच बसवलेली.

रमाकांतने पाहिलं. "परत लाव," म्हणाला, पण जरा वेळाने. "तो पहिला जास्त देखणा होता."

"होताच," ती म्हणाली. "मला कुठे नाही माहीत?"

भास्कररावांनी मोहनाला फोन केला. पोरगी म्हणाली, काका, मी चार पानं लिहूनही टाकली होती. त्यावर त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं आणि वडिलांनी जपलेले खरे कागद तिच्यापुढे ठेवले. दरवाजांचे नव्हते ते, जुन्या विहिरींचे होते. ती आता विहिरींवर लिहिते आहे, असं स्नेहलताबाईंनी निरुपमाला कळवलं.

राहिली ती फेरी. त्या रविवारी निरुपमा मुद्दाम गेली. पूर्णिमा नाशिकला परतली होती, पण तिने बजावून सांगितलं होतं, जा आणि मला सगळं सांग. त्याच गल्लीच्या तोंडाशी भास्करराव थांबले. माणसं गोळा झाली. त्यांनी घसा साफ केला.

"इथे कधीही कुठलाही दरवाजा नव्हता," ते म्हणाले. "तो यंत्राने काढला आणि सुभानपुऱ्याच्या या बाईंनी तो यंत्राकडून काढून घेतला. त्यांनी मला सांगितलं होतं की खोटा आहे. गोष्ट मी रचली. ती माझी चूक."

लोक एकमेकांकडे बघू लागले. एक जोडपं नाराज झालं, आम्ही अहमदाबादहून पहाटे निघालो त्याच्यासाठी, म्हणालं आणि खरंच परत फिरलं. काहीजण हसले. एका बाईंनी निरुपमाला विचारलं, पोपट तरी खरे का? ती म्हणाली, ते खरे आहेत, माझ्या खिडकीत येतात. गंमत म्हणजे, खोटं उघडं पडल्यावरही फोन खिशातच राहिले. मंडळी तिथेच उभी राहून वाद घालायला लागली, खरं कसं ओळखायचं, यंत्र काय काय करतं, आणि मग चांपानेर दरवाजापाशी पोचल्यावर वर मान करून एकेक वीट बघायला लागली, जणू तीही खोटी निघते की काय.

विश्राम कदम त्या दिवशी पुन्हा आला होता. बरोबर मेहुण्याला घेऊन. सगळं ऐकून झाल्यावर तो भास्कररावांजवळ गेला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, तुम्ही कुणाच्या दबावाखाली बोलताय का? दरवाजा होता. आजोबा खोटं बोलणारे नव्हते." भास्कररावांनी परोपरीने सांगितलं. तो मान हलवत राहिला. शेवटी मेहुण्याला त्या भिंतीपाशी उभं करून त्याने फोटो काढला आणि दोघे चांगल्या मनाने निघून गेले.

चॅनलवरची गर्दी ओसरली. पहिल्याइतकी माणसं बाहेरगावहून येईनात. भास्कररावांना त्याचं थोडं वाईट वाटलं, पण फोन वाजला की ते आता स्वतः उठून घेतात, हे स्नेहलताबाईंना पुरेसं होतं. निरुपमाने एवढं केलं की नवीन गिऱ्हाईक आलं की ती आधीच स्पष्ट बोलायला लागली. पदार्थ, कपडे, दागिने तुमचेच दाखवीन. जे दुकानात नाही ते व्हिडिओत येणार नाही. काहीजण तेवढ्यावरून उठून गेले. बरेच बसले.

मार्गशीर्षात रमाकांतच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, गोत्रीकडच्या एका पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या मैदानात. दोघं संध्याकाळी स्कूटरवरून गेली. फाटकापाशी उतरल्यावर निरुपमा जागीच थबकली.

समोर पोपट दरवाजा उभा होता.

थर्माकोलचा आणि प्लायवूडचा, पण तोच. भाजक्या विटांचा रंग, वर दोन काळसर सज्जे, त्यांत कापडाचे हिरवे पोपट तारेवर बसवलेले, आणि खालून पिवळ्या दिव्यांचा उजेड असा सोडलेला की सकाळच वाटावी. लोक त्याखाली उभे राहून फोटो काढत होते. एक तरुण मंडपवाला शिडी आवरत होता. निरुपमाने त्याला विचारलं, हा कुठला?

"नेट परथी लीधो, बेन," नेटवरून घेतल्याचं त्याने अभिमानाने सांगितलं. "जूना वडोदरानो दरवाजो छे."

रमाकांतने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही रे भाई. जुन्या बडोद्यात असा दरवाजा नव्हता. हा मी कॉम्प्युटरवर केला होता."

मंडपवाल्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ऑफ-व्हाइट साडी, चष्मा, हातात आहेराचं पाकीट. मग तो मोठ्याने हसला. "तो तो तमे अमारा ज माणस! पधारो बेन, जमीने ज जजो." तुम्ही आमच्यातल्याच, जेवूनच जा, असं म्हणणाऱ्या त्याने ते खरं मानलं की थट्टा, कळायला मार्ग नव्हता.

निरुपमा कमानीखाली गेली. आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून तिने एका विटेवर बोट टेकवलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला. तो तिने रुमालाला पुसला आणि वर पाहिलं. कमान तिच्या दरवाजापेक्षा जरा बुटकी झाली होती, पण सज्जे छान जमले होते. तिने पूर्णिमासाठी एक फोटो काढला आणि खाली नुसतं लिहिलं, हा थर्माकोलचा आहे.

आत उंधियूपाशी मोठी रांग लागली होती. रमाकांत तोवर पुढे जाऊन तिच्यात उभा राहिला होता, आणि त्याच्या हातात दोन रिकामी ताटं होती.